आईला वकिलांनी दिलेलं लेखी ओपिनियन मी घरच्या ग्रुपवर टाकलं. आता ते कोर्टात वापरता येईल का?

रामबागवाली | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. मी इथे रोज वाचते, लिहीत मात्र फारसं नाही. आज लिहितेय कारण चूक माझ्या हातून झाली आहे आणि भोगायची वेळ आईवर आली आहे.

इंदूरच्या जुन्या वस्तीत आजोबांचं घर आहे. आजोबा २००८ साली गेले. २००९ मध्ये मामाने आईची एका कागदावर सही घेतली. 'नामांतरणासाठी लागते, सगळ्या बहिणींची लागते' असं सांगितलं. आईने वाचलं नाही. भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण वाचतं? तो कागद हकत्यागाचा निघाला (महाराष्ट्रात हक्कसोडपत्र म्हणतात तोच). गेल्या वर्षी मामाने घर बिल्डरला द्यायचं ठरवलं, तेव्हा आई पहिल्यांदा वकिलांकडे गेली. सोबत मी होते, आणि मावसभाऊही होता, कारण गाडी त्याची होती.

वकीलसाहेबांनी तासभर एकेक गोष्ट विचारून घेतली. पंधरा दिवसांनी तीन पानी ओपिनियन दिलं. त्यात एक वाक्य असं होतं की हा कागद हकत्यागाचा आहे हे पक्षकाराला २०१६ मध्येच कळलं होतं, त्यामुळे दावा लावायच्या मुदतीचा प्रश्न गंभीर आहे. ते खरंच आहे. नगर निगमच्या खात्यावर फक्त मामाचं नाव बघून आईने तेव्हा त्याला विचारलं होतं. त्याने सांगितलं, आई रडली, आणि गप्प बसली.

मी त्या तीनही पानांचे फोटो आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. मावशांना कळावं, एवढाच हेतू होता. एकोणीस जण आहेत ग्रुपमध्ये. मामा नाही, पण मामाची सून आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चाळीस मिनिटांनी फोटो डिलीट केले. मागच्या आठवड्यात मामाच्या वकिलाची नोटीस आली आणि त्यात ते २०१६ चं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं आहे.

वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं गुप्त असतं असं आपण ऐकतो. मग आता ते संरक्षण संपलं का? आमच्या वकिलांना साक्षीला बोलावतील का? आईला कोर्टात 'तुम्ही वकिलाला काय सांगितलं' असं विचारू शकतात का? आमच्या वकीलसाहेबांकडे परवा जायचं आहे, पण त्यांना हे कसं सांगू तेच कळत नाहीये.

---

सुदामानगर | १२ जानेवारी, रात्री १०.०५

ताई, डिलीट केलंत ना? मग पुरावा कुठे राहिला? नोटिशीत काहीही लिहितात, घाबरवायला. निश्चिंत राहा.

---

अनंत_निवृत्त | १२ जानेवारी, रात्री १०.३१

निश्चिंत राहा असं मी म्हणणार नाही. चाळीस मिनिटं पुष्कळ असतात, एवढ्यात फोटो तीन फोनांत उतरतात. पण एक विचारतो. त्या दिवशी ग्रुपवर आईने स्वतः काही लिहिलं किंवा बोलून पाठवलं का? नीट आठवून सांगा. मी बँकेच्या विधी विभागात एकोणतीस वर्षं काढली. माणसं वकिलाचा कागद जपतात आणि स्वतःचा शब्द मोकळा सोडतात, हे फार वेळा पाहिलं आहे.

---

कोर्टरोड | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

मी इंदूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात वकिली करतो, बावीस वर्षं. रामबागवाली, आधी एकच सांगतो. परवा वकिलांकडे गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे सांगा. त्यांना हे समोरच्या वकिलाकडून कळणं सर्वात वाईट.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून जुना १८७२ चा साक्ष अधिनियम जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुनी कलमं १२६ ते १२९ होती. आता १३२, १३३ आणि १३४ आहेत. गाभा तोच आहे. जुन्या कलमात 'बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर किंवा वकील' अशी माळ होती, नव्यात फक्त अ‍ॅडव्होकेट आहे.

कलम १३२ वकिलाचं तोंड बांधतं. त्या कामासाठी आणि त्या कामाच्या ओघात पक्षकाराने जे सांगितलं, जे कागद दाखवले त्यांतला मजकूर, आणि वकिलाने दिलेला सल्ला, यातलं काहीही पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने उघड करायचं नाही. खटला संपला, वकील बदलला, फी थकली, तरी नाही. हा हक्क वकिलाचा नाही, पक्षकाराचा आहे. म्हणजे तुमच्या प्रकरणात आईचा आहे. तुमचाही नाही.

यातूनच तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर निघतं. फोटो तुम्ही पाठवलेत, आईने नाही. आईने वकिलाला 'बोला' अशी स्पष्ट संमती दिलेली नाही. त्यामुळे वकिलांवरचं बंधन जसंच्या तसं आहे. त्यांना साक्षीला बोलावून 'बाईंनी काय सांगितलं' असं विचारलं तर ते नकार देऊ शकतात, किंबहुना त्यांना नकार द्यावाच लागेल. बार कौन्सिलच्या आचारनियमांतही हे बंधन मोडणं मना आहे.

पण हे अर्धंच चित्र आहे. कलम १३२ वकिलाला बांधतं. मामाच्या सुनेला बांधत नाही. तिच्या फोनमध्ये असलेला फोटो ही वेगळी गोष्ट झाली. इंग्लंडमध्ये १८९८ च्या कॅलक्राफ्ट विरुद्ध गेस्ट या प्रकरणापासून हे दिसतं: गुप्त कागदाची प्रत दुसऱ्याच्या हाती लागली तर ती त्याच्याकडून पुरावा म्हणून येऊ शकते. आपल्याकडेही कोर्ट पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो संबद्ध आहे का हे आधी बघतं. सुप्रीम कोर्टाच्या पूरनमल प्रकरणापासून तो कल आहे. म्हणून 'गुप्त होतं, म्हणून फोटो बाजूला ठेवा' एवढ्यावर विसंबून चालणार नाही.

तरी त्यांचा रस्ता सोपा नाही. मोबाइलमधला फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा, त्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते कोण देणार? सून. म्हणजे तिला पुढे यावं लागेल. शिवाय ओपिनियन हे वकिलाचं लिखाण आहे, आईची सही त्यावर नाही. त्यातली गोष्ट खरी आहे हे सिद्ध करायला लिहिणारा लागतो, आणि त्याचं तोंड कलम १३२ ने बंद आहे.

कोर्टात निघायचं आहे. आईच्या साक्षीबद्दल संध्याकाळी लिहितो, खरी अडचण तिथेच आहे.

---

रामबागवाली | १३ जानेवारी, दुपारी १.२०

अनंतकाका, तुम्ही विचारलंत आणि पोटात गोळा आला. आईने फोटोंखाली एक व्हॉइस मेसेज टाकला होता. 'मला तेव्हाच कळलं होतं गं, पण भावाशी कोण भांडणार.' तो मी डिलीट करू शकत नव्हते, तो तिच्या फोनवरून गेला होता. अजून तिथेच आहे.

---

अनंत_निवृत्त | १३ जानेवारी, दुपारी २.०२

हेच वाटलं होतं. तो आता मिटवू नका. नोटीस आल्यावर मिटवामिटव केली तर ती उलटते. वकिलांना तसाच ऐकवा.

---

कोर्टरोड | १३ जानेवारी, रात्री ८.५०

अनंतराव म्हणतात तेच. आणि स्पष्ट बोलायचं तर ओपिनियनच्या फोटोंपेक्षा तो व्हॉइस मेसेज जड आहे. तो आईने बहिणींना सांगितलेला, स्वतःच्या आवाजातला आहे. त्याचा वकिलाशी संबंधच नाही, म्हणून त्याला हे संरक्षण कधीच नव्हतं.

यात लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. संरक्षण *बोलण्याला* असतं, *घटनेला* नसतं. आईला २०१६ मध्ये कळलं ही घटना आहे. ती वकिलाला सांगितली म्हणून ती तिजोरीत जात नाही. उलटतपासणीत 'तुम्हाला हे कधी कळलं' असं थेट विचारलं तर आईला खरंच उत्तर द्यावं लागेल. 'तुम्ही तुमच्या वकिलाला काय सांगितलं' हा प्रश्न मात्र वेगळा, आणि त्याला हरकत घेता येते. कागदांचंही तसंच. २००९ चा हकत्याग वकिलाच्या फायलीत ठेवला म्हणून तो गुप्त होत नाही, कोर्ट तो हजर करायला सांगू शकतं.

आता आईची साक्ष. कलम १३४ म्हणतं की वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं सांगायला कुणालाही भाग पाडता येणार नाही. पण त्याला एक अपवाद आहे: तो माणूस स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिला तर त्याने दिलेली साक्ष समजण्यासाठी जेवढं आवश्यक वाटेल तेवढं कोर्ट सांगायला लावू शकतं. तेवढंच, बाकीचं नाही. आणि आपल्याच दाव्यात पिंजऱ्यात न उतरणंही परवडत नाही. १९९९ मध्ये विद्याधर विरुद्ध माणिकराव या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की पक्षकार स्वतः साक्षीला आला नाही, उलटतपासणीला सामोरा गेला नाही, तर त्याचं म्हणणं खरं नाही असा अंदाज काढता येतो. म्हणजे आईला उभं राहावंच लागेल, आणि उभं राहिल्यावर दार थोडं किलकिलं होईल. ते किती उघडतं हे ती साक्षीत काय बोलते यावर ठरतं. 'मी वकिलांच्या सल्ल्यावरून असं केलं' असं शपथपत्रात लिहिलंत की तो सल्ला काय होता हे विचारायला तुम्हीच वाट करून दिलीत. कित्येक शपथपत्रांत हे वाक्य सवयीने टाकलेलं असतं. मी माझ्या ज्युनियरना ते खोडायला लावतो.

कलम १३३ मात्र आईच्या बाजूचं आहे. तिने साक्ष दिली एवढ्यावरून 'वकिलाला बोलायला संमती दिली' असं मानत नाहीत. तिने स्वतः वकिलाला साक्षीला बोलावलं तरी ज्या मुद्द्यावर ती त्याला प्रश्न विचारेल तेवढ्यापुरतीच संमती धरतात.

---

शंका_आहे | १३ जानेवारी, रात्री ९.३०

मग सरळ दाव्यात '२०२४ मध्ये कळलं' असं लिहा ना. मेसेजचा अर्थ काहीही लावता येतो. तीन वर्षांची मुदत आहे म्हणतात, त्यात बसेल. वकिलाला आतलं माहीत असलं तरी तो सांगू शकत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय.

---

कोर्टरोड | १३ जानेवारी, रात्री १०.१०

नाही. आणि इथे मला कडक बोलावं लागेल, कारण हे वाचून कुणीतरी खरंच तसं करेल.

दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ५९ ने तीन वर्षं दिली आहेत, आणि ती हकीकत कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तारीख खोटी घालणं हे दाव्याच्या कण्यातच खोटं घालणं आहे. शपथेवर.

कलम १३२ मध्येच अपवाद आहे. बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी केलेलं बोलणं सुरक्षित नाही. आणि वकिली सुरू झाल्यानंतर काही गुन्हा किंवा फसवणूक झाल्याचं वकिलाच्या नजरेला आलं तर तेही नाही. कायद्यात याची उदाहरणं दिलेली आहेत, दीडशे वर्षांची जुनी आणि आजही तशीच. पक्षकार वकिलाला म्हणतो, 'मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा.' हे सुरक्षित, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नाही. दुसरा म्हणतो, 'या बनावट दस्तावरून मला मालमत्तेचा ताबा हवा आहे, दावा लावा.' हे सुरक्षित नाही. तिसऱ्या उदाहरणात अपहाराचा आरोप असलेल्या माणसाच्या हिशोबवहीत, वकील नेमताना नसलेली नोंद नंतर घातलेली वकिलाला दिसते. तेही सुरक्षित नाही.

तुमची सूचना दुसऱ्या उदाहरणाच्या जवळची आहे. आई वकिलाला म्हणाली, 'मला २०१६ मध्ये कळलं, काय करता येईल?' हे पूर्ण सुरक्षित. आई म्हणाली, '२०२४ लिहा, कोर्टाला काय कळतंय,' तर तिने स्वतःच्या हाताने कुंपण मोडलं. चांगला वकील त्या क्षणी फाइल परत देतो.

मागे झालेल्या गोष्टीबद्दल मोकळेपणी बोलता यावं, म्हणूनच तर हा कायदा आहे. पुढे करायच्या लबाडीला आडोसा म्हणून नाही.

---

रामबागवाली | १३ जानेवारी, रात्री १०.४४

शंका_आहे, तुम्ही मदतीच्या भावनेने लिहिलंत हे समजतं. हेच मावसभावानेही सुचवलं होतं. आई म्हणाली, 'मामा खोटं बोलला म्हणून तर आपण भांडतोय.' तो विषय आमच्याकडे तिथेच संपला.

कोर्टरोड, अजून एक. मावसभाऊ त्या दिवशी आत बसला होता. त्याचं काय? आणि मी?

---

कोर्टरोड | १४ जानेवारी, सकाळी ७.०५

तुम्ही आईच्या वतीने बोललात, कागद समजावून सांगितलेत, तारखा आठवून दिल्यात. कायदा 'पक्षकाराने किंवा पक्षकाराच्या वतीने' केलेलं बोलणं असंच म्हणतो, त्यामुळे तुम्ही वकिलांना सांगितलेलंही वकिलांकडे सुरक्षित आहे. दुभाषा, वकिलाचा कारकून, नोकर हेही त्याच बंधनात येतात. आधी त्यासाठी १२७ हे वेगळं कलम होतं, आता ते १३२ मध्येच आहे.

मावसभाऊ गाडी चालवायला आला होता. तो यातला कुणीच नाही. उद्या त्याला साक्षीला बोलावलं तर 'मी आत बसलो होतो, मला सांगता येणार नाही' असं म्हणण्याचा हक्क त्याला या कलमांनी दिलेला नाही. शिवाय तिऱ्हाइत माणसासमोर झालेलं बोलणं गोपनीय होतं का, हा वाद समोरचा वकील उभा करू शकतो. आपल्याकडे वकिलाकडे जाताना सबंध घर जातं, काका, आत्या, शेजारचे निवृत्त तहसीलदार. माझ्या चेंबरमध्ये सहा खुर्च्या आहेत आणि त्या भरतात. मी आता सगळ्यांना चहा देतो आणि पक्षकाराला आतल्या खोलीत नेतो. वाईट वाटतं लोकांना. वाटू दे.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. ज्या वकिलाने २००९ चा हकत्याग लिहिला तो आजोबांच्या वेळेपासूनचा घरचा वकील होता का? तसं असेल आणि आई व मामा दोघंही तेव्हा त्याच्याकडे एकाच कामासाठी गेले असतील, तर त्या कामातलं बोलणं बाहेरच्यांपासून गुप्त आहे, पण त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्यापासून ते लपवता येत नाही. हे तुमच्या फायद्याचंही ठरू शकतं.

---

मुन्शींची_लेक | १४ जानेवारी, दुपारी ३.३०

कारकुनाचा उल्लेख वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

माझे बाबा इंदूरच्या कोर्टात एका मोठ्या वकिलांकडे मुन्शी होते, एकतीस वर्षं. पेशीची (सुनावणीच्या तारखांची) डायरी, नकला काढणं, पक्षकारांची समजूत घालणं हे सगळं तेच करायचे. वकीलसाहेब कोर्टात उभे असायचे, त्यामुळे रडणारी माणसं बाबांपाशी बसायची. आमच्या गल्लीतल्या चार घरांच्या भानगडी त्या ऑफिसात होत्या. आईला नंतर कळायच्या, भाजीवालीकडून. ती चिडायची, 'तुम्हाला माहीत होतं ना?' बाबा जेवत राहायचे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा एका स्थळाला बाबांनी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. मी दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती. पुढे पाच-सहा वर्षांनी त्या घरातली पहिली सून जळाल्याचा खटला गावभर झाला, तेव्हा मी त्यांना विचारलं, 'तुम्हाला आधीपासून माहीत होतं?' ते म्हणाले, 'मी नाही म्हटलं ना? तेवढं माझ्या हातात होतं.'

ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. काय माहीत होतं, कशावरून माहीत होतं, हे मला अजूनही कळलेलं नाही. कायद्यात त्यांच्यासारख्यांसाठी शब्द आहेत हे आज इथे वाचलं.

---

अनंत_निवृत्त | १४ जानेवारी, दुपारी ४.१०

मुन्शींची_लेक, हे लिहिल्याबद्दल आभार.

माझ्या जुन्या कामाबद्दल थोडं. बँकेत मी विधी अधिकारी होतो, पगारी. आम्ही व्यवस्थापनाला दिलेला सल्ला वकिलाच्या सल्ल्यासारखा सुरक्षित आहे असं आम्ही कायम धरून चाललो. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात स्पष्ट झालं की पगारी, कंपनीतल्या वकिलाला कलम १३२ चं संरक्षण नाही, कारण तो स्वतंत्रपणे कोर्टात वकिली करत नाही. कंपनीने बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी केलेला पत्रव्यवहार त्याच्यामार्फत गेला तर तेवढ्यापुरता कलम १३४ चा आधार मिळतो. पण मालक आणि पगारी वकील यांच्यातलं आपसातलं बोलणं त्यात येत नाही. माझ्या टेबलावरून गेलेल्या कित्येक टिपणांवर लाल शाईने 'गोपनीय' लिहिलेलं असायचं. त्या शिक्क्याने काही होत नव्हतं, हे निवृत्तीनंतर कळलं.

---

सुदामानगर | १४ जानेवारी, सायंकाळी ६.००

तो निकाल ईडीने वकिलांना समन्स पाठवलं त्याचाच ना? माझ्या मित्राच्या वकिलाला पोलीस थान्यातून फोन आला होता, 'तुमच्या पक्षकाराची माहिती द्या' म्हणून. तसं चालतं का?

---

कोर्टरोड | १४ जानेवारी, रात्री ९.१५

तोच. जून २०२५ मध्ये ईडीने दोन वरिष्ठ वकिलांना त्यांनी दिलेल्या सल्ल्याबद्दल समन्स काढलं, देशभर आरडाओरड झाली, समन्स मागे घेतलं. त्याच सुमारास गुजरातमध्ये पोलिसांनी एका वकिलाला पक्षकाराबद्दल विचारायला बोलावलं होतं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आलं आणि कोर्टाने स्वतःहून विषय हाती घेतला. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की पक्षकाराची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याने वकिलाला समन्स काढायचं नाही. कलम १३२ च्या अपवादात बसत असेल तर कोणत्या तथ्यांवरून बसतं ते समन्समध्ये लिहायचं, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी संमती घ्यायची. वकिलाचा मोबाइल, लॅपटॉप हवा असेल तर तो कोर्टापुढे हजर करायचा, आणि पक्षकाराला आधी कळवायचं. नुसत्या फोनवर माहिती देऊ नये, लेखी मागावं.

---

लेखापरीक्षक_७ | १५ जानेवारी, सकाळी १०.२०

मी सीए आहे, छावणी भागात ऑफिस. लोक आमच्याकडे येऊन वकिलापेक्षा जास्त मोकळे होतात. रोखीचे व्यवहार, बेनामी प्लॉट, सगळं. आमच्यावर गोपनीयतेचं व्यावसायिक बंधन आहे. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाप्रमाणे परवानगीशिवाय माहिती फोडणं हे गैरवर्तन आहे. पण कायद्याने मागितली तर द्यावी लागते. वकिलासारखं कोर्टात 'सांगत नाही' म्हणण्याचं संरक्षण आम्हाला नाही. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टानेही २०१३ मध्ये प्रूडेन्शियल प्रकरणात कराचा सल्ला लेखापालाने दिला तरी हे संरक्षण वकिलापुरतंच राहील असं ठरवलं. म्हणून मी माणसाला मध्येच थांबवतो आणि म्हणतो, ही गोष्ट आधी वकिलाला सांगा.

---

न्यूजर्सीकर | १५ जानेवारी, सकाळी ११.४५

माहेर स्नेहलतागंज, आता अमेरिकेत. इथे नियम जास्त कडक आहेत. पक्षकाराने स्वतः तिऱ्हाइताला सल्ला दाखवला की बहुतेक वेळा संरक्षण सुटलं असंच धरतात. चुकून गेलं आणि लगेच परत मागितलं तर फेडरल कोर्टात २००८ पासून नियम ५०२ प्रमाणे बचाव आहे. आणि १९९८ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की पक्षकार वारला तरी वकिलाशी झालेलं बोलणं सुरक्षित राहतं. मुन्शीकाकांबद्दल वाचलं तेव्हा तेच आठवलं.

एक विचारते, नवरा-बायकोतलं बोलणं भारतात असंच गुप्त असतं ना?

---

कोर्टरोड | १५ जानेवारी, रात्री ९.३०

त्याला वेगळं कलम आहे, १२८. पण नवरा-बायको एकमेकांविरुद्धच कोर्टात उभे असले की ते लागू होत नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या दाव्यात चोरून केलेलं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून घेता येतं असं म्हटलं. डॉक्टर-रुग्ण संबंधाला तर साक्ष कायद्यात असं कलमच नाही.

आणि लग्नकार्यात पंगतीत शेजारी बसलेल्या वकिलाला अडचण सांगितली, तर तो त्या वेळी तुमचा वकील म्हणून ऐकत नसतो. ऑफिसात गेलात, सल्ल्यासाठी गेलात, की फी दिली नाही तरी तो वकील. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला मोफत वकीलही तितकाच बांधलेला असतो. स्त्रियांना तो उत्पन्न न बघता मिळतो, हे फार बायकांना माहीत नसतं.

---

रामबागवाली | १८ जानेवारी, सायंकाळी ७.५५

परवा जाऊन आलो. आधी मीच सगळं सांगितलं. वकीलसाहेब रागावले नाहीत. व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, सुनेचं नाव लिहून घेतलं, ग्रुपमध्ये कोण कोण आहे त्याची यादी मागितली. नोटिशीला उत्तर जाईल त्यात ओपिनियन गोपनीय असून आईने कुठलीही संमती दिलेली नाही एवढं नोंदवणार आहेत, मजकुराबद्दल होय-नाही काहीच नाही. २००९ चा कागद आजोबांच्याच वकिलांनी केला होता, कोर्टरोड. ते हयात नाहीत, पण त्यांच्या मुलाकडे जुन्या फायली आहेत. त्या मागायच्या आहेत.

दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करू असंही ते म्हणाले. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तिथलं बोलणं गोपनीय ठेवायची तरतूद आहे. आईला तो शब्द आवडला. तिला भावाशी एकदा बोलायचंच आहे, कोर्टाबाहेर.

मग त्यांनी मला विचारलं, बाहेर बसाल का? मावसभावाला आम्ही या वेळी आणलंच नव्हतं, रिक्षाने गेलो. आईने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत गेली. पाऊण तास होती. मुन्शीजींनी मला पाणी आणून दिलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चाल हलकी होती. रिक्षात मी काही विचारलं नाही आणि तिने काही सांगितलं नाही. रामबाग आल्यावर तिने फोन परत मागितला.

---

मुन्शींची_लेक | १८ जानेवारी, रात्री ८.२०

त्या फायली मिळाल्या तर इथे लिहू नका. आईंना नमस्कार सांगा.

---

रामबागवाली | १८ जानेवारी, रात्री ८.३१

नाही लिहिणार. सांगते.